मिस्त्रींच्या लेकीचा जबाब

ते प्रकरण निवृत्तीनंतरही माझ्या मनातून गेलेले नाही. कोल्हापुरात मी पोलीस निरीक्षक होतो. एके सकाळी एक गॅरेजवाले मिस्त्री फिर्याद द्यायला आले. जुन्या मोटारी नव्याने उभ्या करणारा हा माणूस; चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, शाबूत असली की बाकीची गाडी हाताने घडवायचा. मुरगूडच्या एका व्यापाऱ्याची, त्याच्या आजोबांच्या वेळची जीप त्यांनी वर्षभर खपून तयार केली होती. पत्रा बदलला, इंजिन बांधले, मूळचा हिरवा रंग जुळवून आणला. मालक न्यायला येणार त्याच्या आदल्या दिवशी जीप शेडमधून चोरीला गेली.

घटनास्थळाचा पंचनामा केला. कुलूप फोडलेले नव्हते. किल्ल्या दोनच, एक मिस्त्रींच्या घरी, दुसरी त्यांच्या वेल्डरकडे. वेल्डर पूर्वी भंगारचोरीत तुरुंगात जाऊन आलेला. त्यातच खबऱ्याचा फोन आला, टेम्पोला बांधलेली हिरवी जीप शाहूवाडीच्या रस्त्याला दिसली होती. वेल्डरही त्याच भागातला. संशय त्याच्यावरच जाणार, हे उघड होते.

त्याला चौकशीला बोलावून ठाण्यातच ठेवून घेतले. जीपचा मालक ठाण्यात येऊन, दोन पट्टे द्या म्हणजे बोलेल, असे सांगून गेला. मी ते होऊ दिले नाही. मार खाल्लेला माणूस बोलतो, पण आपल्याला हवे तेच बोलतो. चहा मागवला आणि तेच प्रश्न फिरवून फिरवून विचारले. स्वतःबद्दलच्या प्रश्नांना तो ताडकन उत्तर द्यायचा. मिस्त्रींच्या घरची किल्ली कोणाच्या हाती लागू शकते, असे विचारले की मान खाली.

"मी न्हाय नेली, साहेब. फुडचं मला इचारू नका," एवढेच म्हणाला.

तो कोणाला तरी पाठीशी घालत होता. मी मिस्त्रींना बोलावून घरात कोण कोण असते ते विचारले. लेक आणि जावई राहायला आलेत, असे सांगता सांगता ते थांबले. पाणी मागितले, ते तसेच ठेवून घरी निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी चालू असताना मिस्त्री, लेक आणि जावई दारात उभे. लेकच पुढे झाली.

"साहेब, किल्ली ह्यांनी घेतलीती. मी बघितलंय. माझा जबाब घ्या आन् त्या दादाला सोडा. त्याची बायको काल आमच्या दारात बसून हुती."

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मग त्याने सगळे कबूल केले. परराज्यातले गिऱ्हाईक ठरले होते. शाहूवाडीकडच्या एका गोठ्यात, भाताच्या पेंढ्याखाली जीप सापडली. दिवे आणि बॉनेट उतरवलेले होते. जावयाला अटक केली.

वेल्डरला सोडताना, गप्प का राहिलास म्हणून विचारले.

"जेलातनं सुटल्यावर ह्या वस्तादांनीच मला कामाला घेतलं. त्यांच्या पोरीचा संसार माझ्या तोंडानं कसा मोडू?"

मिस्त्री शेजारीच उभे होते. त्यांनी त्याला स्कूटरवर मागे घेतले आणि घरी सोडायला गेले. पुढे कोर्टाच्या आदेशाने जीप परत मिळाली आणि दोघांनी मिळून ती पुन्हा जोडली.

लेकीने कोर्टातही जबाब फिरवला नाही. नवऱ्याला शिक्षा झाली. ती माहेरीच राहिली आणि गॅरेजात जुन्या गाड्यांची सीट कव्हरे शिवू लागली.

निवृत्त झाल्यावर मी मुद्दाम तिला भेटायला गेलो. तुमच्यामुळे एक निरपराध माणूस सुटला, माझ्या हातून अन्याय झाला नाही, असे म्हणून हात जोडले. तिने मशीन थांबवली.

"आभार कसले, साहेब? ठाण्यात डबा देऊन आल्यावर त्याच्या बायकोनं सांगितलंतं, साहेबांनी अंगाला हात लावला न्हाई म्हणून. माझ्या नवऱ्यालाबी मारणार न्हाईत, ह्या भरवशावर आले मी. न्हाईतर धाडस झालं नसतं."

नोकरीत मला बक्षिसे मिळाली, प्रशस्तिपत्रेही मिळाली. पण चौकशीच्या खोलीत आपण कसे वागतो, त्यावर बाहेरचा कोणीतरी खरे बोलायचे की नाही हे ठरवत असतो, हे मला त्या बाईने शिकवले. तिचे उपकार मी विसरणार नाही.