जिजीच्या दारातली सुई

नर्सबाई गल्लीच्या तोंडाशी दिसल्या, की जिजी हातातला अर्धा हार टोपलीत टाकून दारात येऊन उभी राहायची. दोन्ही हात चौकटीला. तिला ओलांडून आत जाईल अशी नर्स नाशकात अजून जन्मायची होती. ‘‘आमच्याकडं कोणी नाय टोचायचं,’’ एवढं एकच वाक्य, तेही शांतपणे.

मखमलाबादच्या वाटेवर तिचा शेवंतीचा मळा होता आणि मळ्याला लागून आमचं घर. मी नव्वदच्या सुमारास शाळेत शिक्षिका म्हणून तिथे आले. माझा मुलगा जिजीच्याच अंगाखांद्यावर वाढला. मी त्याला सगळ्या लसी टोचून आणल्या, तेव्हा ती माझ्याशी धड बोलेना. पण रोज मळ्यातून येताना आमच्याकडे डोकावून त्याचे पाय चोळून, वाकवून बघायची आणि निघून जायची.

कारण तिच्या धाकट्या मुलाचा, दत्तूचा पाय. तो रांगत होता तेव्हा त्याला ताप आला आणि एका डॉक्टरांनी कमरेला इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी पाय लुळा. तेव्हापासून सुई म्हणजे सुई, तिच्यात औषध आहे की लस, हे जिजीच्या लेखी सारखंच.

मी एकदा हट्टाने तिला दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई भल्या होत्या, तिला खोटं पाडलं नाही. तो ताप बहुधा पोलिओचाच होता, म्हणाल्या, आणि तशा तापात सुई टोचल्याने पाय जास्त गेला असेल. पण पोलिओची लस घेतली असती तर हे झालंच नसतं. जिजीने सगळं ऐकून घेतलं आणि पदर सावरत म्हणाली, ‘‘बाई, तुम्ही शिकल्या म्हणून सांगता. माझ्या पोराचा पाय माझ्या मांडीवर गेला. आता कोणाचं ऐकू?’’ मला तिचा असा राग आला!

थोरल्या मुलाची सोनी चालायला लागली आणि तिला गोवर आला; तिलाही कोणी टोचलं नव्हतं. जिजीने दाराला कडुलिंबाचा डहाळा लावला, घरातली फोडणी बंद केली. गोवर म्हणजे घरात देवी आली, तेव्हा डॉक्टरचं नाव काढायचं नाही, हा त्यांच्या घरचा रिवाज. तिची सगळी पोरं अशीच गोवरातून उठली होती. पुरळ मावळलं तेव्हा तिने हसून मला हाक मारली. सोनीला मात्र धाप लागत होती, छाती आत ओढली जात होती. मीच रिक्षा आणली. सरकारी दवाखान्यात पोहोचलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया झालाय, फार उशीर झाला. ते कोवळं पोर संध्याकाळपर्यंत गेलं.

जिजी रडली नाही. पुढे लताला, म्हणजे सोनीच्या आईला, मुलगा झाला. नर्सबाई आल्या तेव्हा जिजी दारातून बाजूला झाली आणि मळ्यात निघून गेली. ती आता कोणाच्याच लेकराला हात लावत नसे, लताशीही कामापुरतंच बोले. बायका सल्ला विचारायला आल्या तर, ‘‘मला नका विचारू गं,’’ म्हणायची.

एकदा फुलं तोडताना मला म्हणाली, ‘‘लता मला बोलत का नाय, बाई? एवढी वर्षं झाली. एकदा शिव्या दिल्या असत्या तर मोकळी झाले असते.’’

त्याच हिवाळ्यात ती गेली. दहाव्याला मी लताला हे सांगितलं. ती हातातलं भांडं तसंच धरून बसली.

‘‘काय बोलणार होते? दत्तूभाऊजींचा पाय रोज माझ्या डोळ्यांसमोर होता. त्या दारात उभ्या राहायच्या तेव्हा मी आत सोनीला कवटाळून बसायचे. सुई मलाही नकोच होती.’’

‘‘मग हे त्यांना सांगितलं का नाहीस?’’

लताच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ‘‘मला वाटायचं, माझाही दोष आहे हे त्यांना ठाऊक आहे,’’ ती म्हणाली. ‘‘म्हणूनच त्या माझ्याशी बोलत नाहीत.’’