आमच्या चौकातली दुसरी दवंडी

पांढरकवड्यात घनश्याम ठावरीचा आवाज ऐकला नाही, असा माणूस शोधून सापडणार नाही. नळ येणार नाही, डोळ्यांचं शिबिर आहे, साड्यांचा सेल लागला, कोणाची म्हैस हरवली. सगळं गाव हे त्याच्याच तोंडून ऐकतं. ऑटोच्या टपावर दोन भोंगे, एका हातात हँडल, दुसऱ्या हातात माईक. बाकीचे दवंडीवाले आता आवाज रेकॉर्ड करून पेनड्राइव्ह लावून देतात आणि स्वतः खर्रा चघळत बसतात. घनश्यामभाऊ मात्र प्रत्येक चौकात ऑटो थांबवून ताजं बोलतो. प्रत्येक चौकात एकदा, आणि आमच्या चौकात दोनदा.

याचं कारण माझ्या दुकानासमोरच बसतं. माझं गिफ्ट आणि स्टेशनरीचं दुकान, समोर कुंदाताईचं ब्लाउज शिवायचं. नवरा गेला तेव्हा तिचा पियूष अंगणवाडीत होता. त्या मशीनवर तिनं त्याला इंजिनियर केलं. घनश्यामभाऊ तिच्या दारासमोर ऑटो उभा करतो, सांगायचं ते सांगतो, मग घसा खाकरून पुन्हा पहिल्यापासून सांगतो. त्याला वाटतं हे कोणाच्या लक्षात येत नाही. अख्ख्या चौकाला माहीत आहे. म्हैस हरवल्याची खबर कोणी दोनदा सांगतं का?

दोन बहिणींची लग्नं करता करता त्याचं स्वतःचं राहून गेलं. आता पन्नाशीला आला. माईकवर असा बोलतो की ऐकत राहावं, पण माईक खाली ठेवला की कुंदाताईसमोर त्याच्या तोंडून एकच वाक्य निघतं, "चाललं ना बरं?" तीही म्हणते, "चाललं." संपला विषय. मला तर इतका राग यायचा की वाटायचं, दोघांनाही दुकानात कोंडावं आणि शटर ओढून घ्यावं.

एक गोष्ट मात्र मी हेरून ठेवली होती. सारं गाव त्याला घनश्यामभाऊ म्हणतं. मीही म्हणते. कुंदाताईनं त्याला कधीच भाऊ म्हटलं नाही. ती म्हणते, "ऑटोवाले."

यंदा चौदा फेब्रुवारीच्या सकाळी मी नेहमीप्रमाणे त्याला जाहिरातीसाठी बोलावलं. गुलाब हैदराबादच्या ट्रॅव्हल्सनं पहाटेच उतरले होते. टेडी, चॉकलेट, दिलाच्या आकाराच्या उशा, सगळं बाहेर मांडलं होतं. पूर्वी या दिवशी काही पोरं माझ्या दुकानासमोर निषेधाच्या घोषणा द्यायला यायची. आता त्यांचीच लग्नं झालीत, आणि बायकोनं स्टेटसला फोटो ठेवावा म्हणून तीच पोरं सगळ्यात मोठा टेडी नेतात. मी काही बोलत नाही. गिऱ्हाईक आहे.

घनश्यामभाऊला जाहिरातीआधी माहिती लागते. "हा व्हॅलेंटाईन होता तरी कोन, ताई? लोकायले सांगा लागन ना."

मी सांगितलं. रोममध्ये फार पूर्वी एक धर्मगुरू होता म्हणतात. राजानं हुकूम काढला की सैनिकांनी लग्न करायचं नाही. हा बाबा लपूनछपून त्यांची लग्नं लावून द्यायचा. पकडला गेला आणि जीवानिशी गेला. यातलं खरं किती, कोणालाच ठाऊक नाही. दुसरे म्हणतात, त्या मुलखात याच दिवसांत पाखरं आपापली जोडी निवडतात, त्यावरून हा प्रेमाचा दिवस ठरला.

"पाखरायचं बेस हाय," तो म्हणाला आणि माईक पुसायला लागला.

तेवढ्यात पियूष रस्ता ओलांडून आला. पुण्याला नोकरीला लागला होता, रात्रीच आला होता. "काका, उद्या सकाळी ऑटो लागन. आईले घेऊन चाललो पुण्याले. मशीन अन् दोन पेट्या बसस्टँडवर सोडून द्यान?"

मी घनश्यामभाऊकडे पाहिलं. त्याचा चेहरा पार उतरला. आणि या माणसानं काय म्हणावं? म्हणाला, "सोडतो ना बापू. काहून नाई."

पियूष गेल्यावर मी त्याला धारेवर धरलं. "आज बोलला नाहीत ना, तर उद्या तिचं सामान स्वतःच्या हातानं चढवाल."

"माईक हातात नसला का मले बोलताच येत नाई, ताई."

"मग माईक घेऊन बोला."

"अख्ख्या गावासमोर? अन् तिले नसन पटलं तं? लोक तिलेच नावं ठेवतीन." त्यानं किल्ली फिरवली. "माझं मी पाहून घेईन. ती मोकळी राह्यली पाह्यजे."

माणूस भित्रा होता, पण खरा होता.

दिवसभर त्याचा आवाज गावातून फिरत राहिला. दुपारी तूर विकायला आलेले किसनराव दुकानात आले, सत्तरीचे गृहस्थ. म्हणाले, "त्या बाबानं लोकायच्या लग्नापाई जीव देल्ला म्हन्ते. एक फूल द्या बापा, आमच्या म्हातारीनं बी लय सोसलं." गुलाब खिशात खोचून, वर रुमाल झाकून निघाले. घनश्यामभाऊच्या त्या दवंडीनं मी दरवर्षीपेक्षा दुप्पट गुलाब विकले. पण माझं चित्त दुकानात नव्हतं. समोर कुंदाताई शेवटचे ब्लाउज संपवत होती आणि पियूष पेट्यांना दोऱ्या बांधत होता.

उन्हं कलली तेव्हा ऑटो आमच्या चौकात आला. मी सरळ पायरीवर येऊन उभी राहिले. पानठेल्यावाले, चहावाले, सगळेच जरा पुढे सरकले.

पहिली दवंडी झक्कास झाली. रोमचा बाबा, राजाचा हुकूम, चोरून लावलेली लग्नं, माझं भैरवी गिफ्ट सेंटर. मग त्यानं घसा खाकरला. दुसरी सुरू झाली, आणि रुळावरून घसरली.

"तं लोकहो, या दिवसात पाखरं जोडी निवडते म्हन्ते. पाखराले कोनी शिकवत नाई. मानसाले मात्र सारं समजते, अन् तोंड उघडता येत नाई..." पुढे शब्दच नाही. भोंग्यातून नुसता त्याचा श्वास ऐकू येत होता.

समोरची मशीन थांबली. गळ्यात टेप तशीच लटकत असताना कुंदाताई बाहेर आली, रस्ता ओलांडून ऑटोपाशी उभी राहिली.

"झालं दोनदा?" तिनं विचारलं. भोंगा चालू होता, सगळ्यांना ऐकू गेलं.

"हो."

"आता तिसऱ्यांदा सांगा. भोंगा बंद करून."

त्यानं भोंग्याचं बटण चाचपलं. दोनदा चुकलं. मग खटका पडला आणि चौकात एकदम शांत झालं. तो खाली उतरला आणि बोलला. काय बोलला ते आजवर कोणाला कळलेलं नाही. मी दुकानातला पंखासुद्धा बंद केला होता, तरी एक अक्षर कानावर आलं नाही. बोलत मात्र होता, चांगला बराच वेळ. कुंदाताई टेपचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होती. मग तीही काहीतरी बोलली आणि त्यानं रुमाल काढून डोळे पुसले.

ती वळून म्हणाली, "पियूष, उद्याचा ऑटो राहू दे. दोऱ्या सोड."

पियूष दोघांकडे पाहत राहिला. आता हा काय बोलतो, या विचारानं माझा जीव टांगणीला लागला. त्यानं शांतपणे पेटीची गाठ सोडली. "सोडतो. शाळेत होतो तवापासून ती दुसरी दवंडी ऐकून राह्यलो मी," तो म्हणाला. "मले वाटे, तूच आयकत नाई."

मला रडू आलं. मी उरलेले सगळे गुलाब चौकात फुकट वाटले. असा आनंद मला माझ्या स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता.

जवळच्या केळापूरला देवीच्या पायाशी लग्न झालं. पियूषनं पुण्याहून येऊन आईचा हात धरून तिला पायऱ्या चढवल्या. दुकान तिथंच आहे, मशीन तिथंच आहे.

फक्त आमच्या चौकात आता दवंडी एकदाच होते. परवा मी ऑटो अडवला. म्हटलं, भाऊ, आमच्या चौकानं काय घोडं मारलं?

"दुसऱ्यांदा घरी सांगतो, ताई," घनश्यामभाऊ म्हणाला. "तिथं माईक लागत नाई."