उसनं देवक

काट्यापाशी उभा असला की तो फेटा बोटभर खाली ओढायचा आणि म्हणायचा, "ऊन लई हाये, बाबू." छपराखालीही ऊन, श्रावणातल्या झाकोळातही ऊन. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्या चाळ्याचं आधी हसू येतं, कारण कळलं की ते हसू विरतं. त्याचे डोळे घारे होते.

तिकडे अमेरिकेत लढाई चालली होती, म्हणून इकडे अमरावतीच्या बाजारात कापसाच्या गाड्यांची रीघ लागली होती. तो काट्यावर कापूस तोलणारा मापारी, मी एका अडत्याकडे कारकून. माझ्या घरात पाटी हातात धरणारा मी पहिलाच. पुढे पदवीपर्यंत पोहोचलो, पण "परीक्षेले जा" म्हणून मागे लागणारा हाच होता.

गाडीवान त्याला चिडवत, "काहो मापारी, विलायतेहून कापूस घ्याले आले का तुमी?" सगळ्यांत मोठ्यानं तोच हसायचा. मग हात फेट्याकडे जायचा.

आई एलिचपूरकडची कुणबीण, एवढंच त्याला ठाऊक होतं. बापाबद्दल कोणी म्हणे छावणीतला पठाण, कोणी अरब, कोणी गोरा साहेब. आईनं मरेपर्यंत एकच सांगितलं होतं, "तुहा बाप घोड्यावर येत जाय." घोडा तांबडा होता हेही तिनं सांगितलं, बापाचं नाव मात्र नाही. त्याची बायकोही पोरकी होती, त्यामुळे लग्नात कोणी काही विचारलं नाही. ती वारली आणि मागे एक मुलगी राहिली.

मुलगी लग्नाची झाली. मोर्शीकडचे एक पाटील आपल्या मुलासाठी तिला पाहायला येणार असं ठरलं, आणि याची झोप उडाली. पाटील देवक विचारणार. देवक, म्हणजे कुळानं पुजायचं झाड, बापाकडून येतं, लग्नात त्याचीच डहाळी आधी पुजतात. ते सांगता आलं नाही, तर मुलीला कोण करून घेणार?

"बाबू, देवक पुस्तकात असते काय?"

मी नाही म्हणालो.

"मंग तुमी इतकं शिकून राहिले कायले?"

बाजाराच्या हौदापाशी एक कळंबाचं झाड होतं. त्याच्याखाली बसून तो रोज भाकर खायचा. शेवटी त्यानं तेच देवक ठरवलं. म्हणाला, "ह्याची माही वळख तं हाये." मुलाकडचं देवक कोणतं, हे विचारायचं मात्र आम्हा दोघांनाही सुचलं नाही.

शिकलेला माणूस शेजारी असला की बरं दिसतं, म्हणून त्या दिवशी त्यानं मलाही बसवलं. पाटलांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत तो म्हणाला, "कळंब."

पाटलांनी हातातला तांब्या खाली ठेवला. "कळंब तं आमचं हाये."

देवक एक म्हणजे कूळ एक. भावाभावांत सोयरीक होत नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं. खरं सांगावं, तर मुलीला जन्माचा डाग. गप्प राहावं, तर आलेलं स्थळ गेलं. आतल्या खोलीतल्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. तो गप्प राहिला.

पाटील उठले. आता निघतील असं मला वाटलं, पण त्यांनी त्याला मिठीच मारली. "सोयरे व्हाले आलो अन् भाऊ निंगालो. पोट्टीची काळजी सोडा आता."

त्यांनी शब्द पाळला. मुलीचा चुलता म्हणून पातूरकडचं स्थळ पाहिलं आणि मांडवात कळंबाची डहाळी स्वतःच्या हातानं ठेवली.

तुम्हाला वाटेल, आता तो निश्चिंत झाला असेल. उलट त्याचा घोर वाढला. एलिचपूरची गाडी आली की मला बाजूला घ्यायचा, "काही इचारत होता काय तो गाडीवान?" मुलीच्या सासरी तो कधी गेला नाही. लग्नात फेट्यानं निभावलं, पण घरात डोळे पाहून विहीणबाई विचारात पडतील, अशी भीती. नातू झाला तरी गेला नाही. मी कामानं पातूरला निघालो, तेव्हा मात्र गाडीमागे चालत वेशीपर्यंत आला आणि हळूच म्हणाला, "पोराचे डोळे पाहून या."

परत येऊन मी सांगितलं, "काळे आहेत."

"नक्की? लहानपणी समजत नाही, बाबू."

"काळेभोर."

त्या दिवशी त्यानं फेटा कपाळावर सरकवला आणि भर उन्हात काट्यापाशी उभा राहिला.

पुढच्या उन्हाळ्यात तो तापानं गेला. मी पाटलांकडे निरोप धाडला. ते आले ते मिशा काढून आले. हौदापाशी कळंबाखाली आम्ही बसलो. बराच वेळ ते वर पाहत होते.

"त्याचे डोळे घारे होते, बाबू," ते म्हणाले. "आमच्या अख्ख्या भावकीत तसे डोळे कोनाचेच नाहीत."

पाटलांनी आपल्या उघड्या ओठावरून हात फिरवला.

"घरभर सुतक धरलं आमी. भावाचं धराच लागते."