भिंतीपलीकडचं

यशोधरा ओव्हाळला वाया जाणारी ऊब सहन व्हायची नाही. परक्याच्या घरीसुद्धा शेगडीवर रिकामं भांडं तापताना दिसलं, की ती बोलणं अर्धवट सोडून उठायची आणि गॅस बंद करून यायची. बेडशाची ही मुलगी पुण्यात केमिकल इंजिनियर झाली आणि कामशेतजवळच्या एका लहान कारखान्यात लागली. औषध कंपन्यांकडून वापरलेली सॉल्व्हंट, म्हणजे औषधं विरघळवायची द्रवं, तिथे यायची. ती वेगवेगळी करून, शुद्ध करून परत पाठवायची, एवढंच तिथलं काम.

एवढंच, पण सोपं नव्हे. तीन द्रवं एकमेकांत मिसळलेली, आणि तिन्ही जवळजवळ सारख्याच तापमानाला उकळणारी. उंच टॉवरमध्ये एकावर एक तबकड्या बसवायच्या, खालून वाफ सोडायची, वरून द्रव उतरू द्यायचं. प्रत्येक तबकडीवर दोघांची गाठ पडते आणि हलकं द्रव थोडं थोडं वर सरकतं. कारखान्यात असे दोन टॉवर होते आणि बॉयलर सारखा धडधडत असायचा. पहिल्या टॉवरमध्ये मधलं, म्हणजे ना सगळ्यात हलकं ना सगळ्यात जड असं द्रव वेगळं होत यायचं, तळाशी जाऊन पुन्हा मिसळायचं, आणि दुसऱ्या टॉवरमध्ये तेच नव्याने उकळावं लागायचं. हे पुन्हा उकळणं यशोधराच्या जिवाला लागलं होतं.

तिने दोन टॉवरच्या जागी एकच टॉवर रेखाटला. त्याच्या मधल्या भागात उभी पोलादी भिंत. एका बाजूने मिश्रण आत येणार, दुसऱ्या बाजूने मधलं द्रव शुद्ध होऊन बाहेर पडणार, आणि वाफ जवळजवळ एक तृतीयांश कमी लागणार. मॅनेजर अतुल शेलारांना पटवण्यात दोन वर्षं गेली. शेवटी टॉवर उभा राहिला.

सुरू करण्याच्या दिवशी दुपारीच धुकं उतरलं. पवनेच्या बाजूने आलं आणि टॉवरचा वरचा अर्धा भाग दिसेनासा झाला. यशोधरा शेवटची पाहणी करायला झाकणातून आत शिरली. हातात बॅटरी, अंगाला पट्टा. बाहेर दत्तोबा फिटर दोर धरून उभा होता.

आत तिचा श्वाससुद्धा मोठा ऐकू येत होता. तबकड्या बघून झाल्या, तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. टक, टक.

पलीकडे कुणी तपासणी करत असेल, असं वाटून तिने बॅटरीच्या बुडाने दोनदा वाजवलं. पलीकडूनही दोनदा वाजलं. तिने गंमत म्हणून तीनदा वाजवलं. तीनदा उत्तर आलं. मग ती काही न वाजवता थांबली, तरी वाजतच राहिलं. सावकाश, अगदी तिच्या कानाच्या उंचीवर. ती बाजूला सरकली, तर आवाजही सरकला.

ती घाईने बाहेर आली.

"दत्तोबा, पलीकडच्या बाजूला कोण आहे?"

"कुनी न्हाई, मॅडम. तिकडचं झाकण जेवायच्या सुट्टीनंतर बंद केलंय."

"आतून वाजतंय."

दत्तोबाने पत्र्याला कान लावला. "मला तर काय ऐकू येत न्हाई."

यशोधरा खाली उतरून शेलारांकडे गेली. ते नायट्रोजन सोडायची तयारी करत होते. आधी टॉवरमधली हवा नायट्रोजनने हाकलतात, म्हणजे सॉल्व्हंटची वाफ पेट घेत नाही. पण त्या वायूत माणूस सापडला तर ओरडायच्या आतच शुद्ध हरपते.

"मॅडम, ऊन गेलं की पत्रा आकसतो, टकटक होते," शेलार समजुतीने म्हणाले. "तुम्हाला मी हे सांगायचं का?"

"पत्रा मोजून उत्तर देत नाही," ती म्हणाली. "झाकण उघडा. मी सांगेपर्यंत व्हॉल्व्हला हात लावू नका."

दत्तोबाने बोल्ट सोडवले. झाकण सरकताच सफाईच्या रसायनाचा उग्र भपका आला. आत बॅटरी मारली, तर खालच्या तबकडीवर हौशीराम पडलेला. भाजे गावचा कंत्राटी कामगार. आत विसरलेला पाना आणायला तो कुणाला न सांगता शिरला होता, आणि दुसऱ्या माणसाने आत न बघताच झाकण लावलं होतं. त्याला बाहेर काढलं तेव्हा ओठ निळे पडले होते, पण श्वास चालू होता. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हा बराच वेळ बेशुद्ध असला पाहिजे.

हौशीराम वाचला. टॉवर पुढच्या आठवड्यात सुरू झाला आणि यशोधराने सांगितलं होतं तसाच चालला. अभिनंदनाचे फोन आले. तिने सगळ्यांना "हो, हो" म्हटलं.

पावसाळा सरल्यावर ती भाज्याला हौशीरामच्या घरी गेली. त्याने कारखाना सोडला होता. अंगणात भात झोडपून झालेलं, पेंढ्या रचलेल्या. त्याच्या बायकोने चहा दिला.

"तुम्ही वाजवत होतात म्हणून कळलं," यशोधरा म्हणाली.

हौशीरामने कप खाली ठेवला. "मी न्हाई वाजवलं, मॅडम. मधनं मधनं शुद्ध यायची, पन माझा हातबी उचलत नव्हता. माझ्या शेजारी कुनीतरी बसलं होतं, त्ये वाजवत होतं."

"कोण?"

"अंधारात काय दिसतंय? पन तुमी पलीकडनं वाजवलं की त्ये हसायचं. लय हळू. एखाद्याला लय दिसांनी सोबत मिळावी, तसं."

हौशीरामने कप पुन्हा उचलला. मग तो म्हणाला, "झाकण उघाडलं तवा त्ये माझ्या अंगावरनं पलीकडं सरकलं. भायेर आलं का आतच ऱ्हायलं, त्ये मला ठाव न्हाई."

यशोधराने चहा संपवला, त्याच्या पोरीच्या हातात खाऊ दिला आणि निघाली. मागची सीट दिसेल म्हणून मळवली स्टेशनपर्यंत तिने गाडीचा आरसा सरळ केला नाही.

तिने काम सोडलं नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका कारखान्यासाठी तिने असाच भिंतीचा टॉवर आखला. भिंतीच्या दोन्ही बाजूंना तिने गरजेपेक्षा दुप्पट झाकणं ठेवली. नकाशा बघून तिथला इंजिनियर चक्रावला.

"प्रत्येक झाकणातून ऊब जाणार, मॅडम. इतकी कशाला?"

"जाऊ दे थोडी," यशोधरा म्हणाली, आणि नकाशाची गुंडाळी करायला लागली.