सोनगीरजवळ बदललेले नोझल

आधीच सांगून ठेवते, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. या सदरात कुणाला पांढऱ्या साडीतली बाई दिसते, कुणाला पैंजण ऐकू येतात... वाचून मला हसूच यायचं. माझ्या अनुभवात पैंजण नाहीत. साडी आहे, पण ती मीच नेसले होते! भर दुपार होती आणि जे घडलं ते ट्रकच्या नोझलचं घडलं. मला भीती वाटली नाही, राग आला. तो अजून उतरलेला नाही.

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या अखेरची. आमचं गाव असोदा, जळगावला लागूनच. घरी एक जुना सहा सिलिंडरचा ट्रक होता. जन्मभर तो माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी चालवला. ते गेल्यावर आमचे हे चालवायला लागले. नाना होते तोवर घरात एक दंडक होता — "माह्या गाडीच्या नोझलले कोनी हात लावाचा नाही." नोझल म्हणजे इंजिनात डिझेलचा फवारा मारणारा बोटाएवढा तुकडा. नाना तेच ते सहा नोझल काढायचे, धुवायचे आणि परत बसवायचे. ट्रक चढावर काळा धूर ओकायचा आणि डिझेल प्यायचा, पण नानांपुढे बोलणार कोण?

त्या उन्हाळ्यात मी धुळ्याला बहिणीकडे गेले होते. हे रिकामा ट्रक घेऊन मला न्यायला आले. शिंदखेड्याला कापसाच्या गाठी भरायच्या आणि मग घर गाठायचं, असं ठरलं. त्याआधी नवे नोझल टाकून घेऊ, असं यांच्या मनात होतं. आग्रा रोडवर रतनभाऊ मिस्तरींचं पंप-नोझलचं दुकान होतं. नवा माल यांनी स्वतः विकत आणला, मला दुकानातल्या बाकावर बसवलं आणि दलालाकडे निघून गेले. जाताना बजावलं, "नजर हटवू नको. हे लोकं माल बदलून टाकतात." ट्रकवाल्यांची ती रीतच होती. आपला माल बसेपर्यंत घरचं कुणीतरी समोर बसायचं आणि जुने तुकडेही मागून न्यायचे, नाहीतर तेच घासूनपुसून दुसऱ्याच्या गाडीत जातात.

मी तर एक पाऊल पुढे गेले. पर्समध्ये लाल नेलपॉलिश होतं. प्रत्येक नव्या नोझलवर मी एकेक ठिपका दिला. रतनभाऊ हसले, "काय ताई, नोझलनं लगन शे का आज?" नोझलचं लग्न म्हटल्यावर मीही हसले.

मग त्यांनी जुना एक नोझल हाताच्या टेस्टरवर लावून दांडा दाबला. डिझेल गळक्या नळासारखं ठिबकलं. नवा लावला, तर चर्रकन बारीक धुकं उडालं. सहाही नवे नोझल त्यांनी मला तसेच दाखवले, एकेक होल्डरमध्ये, म्हणजे इंजिनात बसणाऱ्या त्याच्या नळीत, घातला आणि बाहेर जाऊन ट्रकला बसवला. मी त्यांच्या पाठीशी उन्हात उभी होते. प्रत्येक लाल ठिपका आत जाताना मी पाहिला. जुने सहा त्यांनी कागदात गुंडाळून, ट्रकात कायम असायची त्या नानांच्या खाकी पिशवीत टाकले. पिशवीला मीच गाठ मारली.

हे आले, ट्रक सुरू केला, आणि काय सांगू... धूर नावाला नाही! पिशवी माझ्या मांडीवर. आग्रा रोडवर हे खुशीत म्हणाले, "पाह्य, कशी वढू राह्यली गाडी!" हे वाक्य लक्षात ठेवा, कारण नंतर यांनी ते साफ नाकारलं.

सोनगीरचा किल्ला दिसायला लागला आणि ट्रकने आचका दिला. मागे बघते तो काळा धूर. इंजिन खडखडायला लागलं. यांनी कडुनिंबाखाली ट्रक उभा केला, बॉनेट उघडलं, पाना घेऊन एक होल्डर बाहेर काढला आणि खोलला. आत जुना नोझल. दुसरा खोलला, त्यातही जुना. सहाही जुने! मी पिशवीची गाठ सोडली. आत कागदात सहा नवे नोझल, लाल ठिपके जसेच्या तसे. नोझल इंजिनात एकदा चालला की त्याचं तोंड काळं होतंच. या सहांवर काजळीचा कणही नव्हता.

यांनी तिथेच नवे नोझल बसवले आणि आम्ही शिंदखेड्याला पोचलो. म्हणजे आमचं काहीच गेलं नाही. तरी वाटभर यांचं एकच — "मिस्तरीनं जुनेच बसवले. नवे ठिवून घेनार व्हता, घाईत पिशवी चुकला."

"अहो, मी समोर उभी होते!"

"तुहा डोया लागला असीन. बाईमानसाले काय समजते त्यातलं?"

अंगाचा तिळपापड झाला माझा. राखणीला बसवताना मी चालले, साक्ष द्यायची वेळ आली तर बाईमाणूस? आणि जुनेच बसवले होते, तर धुळ्यापासून सोनगीरपर्यंत धूर कुठे गेला होता? यांनी सरळ कानांवर हात ठेवले, "मी कधी म्हनलो गाडी वढू राह्यली?" आणि असोद्याला केळी भरायला ट्रक लागायचे, तिथे यांनी सगळ्यांना सांगितलं की धुळ्याचा रतन मिस्तरी माल बदलतो.

घरी सासूबाईंनी, आम्ही त्यांना अक्का म्हणायचो, पिशवी हातात घेतली आणि डोळ्यांना पदर लावला. म्हणाल्या, "नाना आल्ते." झालं! घरादाराला पटलं. ट्रकला हार घातला, नारळ फोडला. हेही लग्नाकार्यात रंगवून सांगायला लागले की बापाचा जीव कसा गाडीत अडकला होता. मी एकदा चारचौघांत विचारलं, "नाना आले होते म्हणता ना? मग रतनभाऊ चोर कसे?" मग कुणीतरी पान मागितलं. धुळ्याला जाऊन दोन शब्द बोलावेत असं एकाही शहाण्याला वाटलं नाही.

पुढे बहिणीकडे गेले तेव्हा मीच गेले आग्रा रोडला. दुकानावर दुसऱ्याचा बोर्ड होता. रतनभाऊ पलीकडच्या गॅरेजात कामाला लागले होते. आमच्याकडच्या ट्रकवाल्यांनी त्यांच्याकडे जाणं सोडलं आणि त्यांचं ऐकून बाकीच्यांनीही. मला लाजेनं वर बघवेना. त्यांना बरं वाटावं म्हणून मी नानांची सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी हात पुसत शांतपणे ऐकून घेतली.

"ताई," ते म्हणाले, "भूतनी गोष्ट बठ्ठा लोके सांगतीन. रतन चोर नही, इतलंच तू सांग लोकेस्ले."

तेव्हापासून तेवढंच सांगतेय, रतन चोर नाही. भुताची गोष्ट लोक कान टवकारून ऐकतात आणि हे वाक्य आलं की जेवायला उठतात.

गाठ न सोडता, चालत्या इंजिनातून सहा नोझल कसे बदलले, मला आजही कळलेलं नाही. नाना होते का? असतील, नसतील. असलेच तर त्यांच्यावरही माझा राग आहे. संपादकांना एकच विनंती. जागा कमी पडली तर किल्ला कापा, अक्का कापा, नानांनाही कापा. पण रतनभाऊंनी माल बदलला नव्हता, मी समोर उभी होते, हे तेवढं छापा.