दादाला बांधणार नाही

माझा थोरला भाऊ कंधारात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. ऐन पंचविशीत त्याला स्किझोफ्रेनिया झाला. कानात येणारे आवाज गोळ्यांनी बरेच कमी झाले, पण डोक्यातली जुळणी बिघडली ती बिघडलीच. चहा करायला सांगितला तर पातेलं गॅसवर चढायचं आणि पाणी घालायचंच राहायचं. दोघं एकदम बोलले की त्याला काही उमगायचं नाही. मग तो घाबरायचा, आणि फार घाबरला की हात उचलायचा.

एका सकाळी तो एकटाच दळण घेऊन गेला. गिरणी घरघरत होती. गिरणीवाले काका विचारत होते, "जाड का बारीक?" मागच्या बाया ओरडत होत्या, "सरक की पुढं!" कुणीतरी त्याचा डबा बाजूला ओढला. दादानं तोच डबा उचलून काकांच्या खांद्यावर हाणला.

गल्लीतल्या माणसांनी दोरीनं हात बांधून त्याला घरी आणलं. त्याची मनगटं लाल झाली होती.

"येड्याला मोकळं कशाला सोडता?" शेजारचे आजोबा म्हणाले. "साखळी आणा, खांबाला बांधा."

आई तोंडाला पदर लावून उभी राहिली. मी पुढे होऊन दोरीची गाठ सोडायला लागले.

"ए पोरी, पुन्हा मारंल ना त्यो!"

"मला मारंल. मी हितंच हाय. पण साखळी ह्या घरात येणार न्हाई."

काकांचा खांदा सुजला होता, हेही खरंच. मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. बांधायचं बोलू नका, एवढंही सांगून आले. मग दादाला घेऊन नांदेड गाठलं. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या आणि म्हणाले, "एका वेळी एकच गोष्ट विचारा. उत्तराला वेळ द्या. तो तापला की तुम्ही बाजूला व्हा, त्याची वाट अडवू नका."

पंधरवड्यानं भर दुपारी, गिरणी रिकामी असताना, मी त्याला पुन्हा तिथं नेलं. काका यंत्रामागे सरकले.

"एकच विचारा काका, अन् थांबा."

"जाड?" त्यांनी भीत भीत विचारलं.

दादा बराच वेळ जमिनीकडे बघत राहिला. "न्हाई. बारीक."

काकांनी डबा घेतला. तेव्हापासून दुपारचं दळण दादाच नेतो.

सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. यंदा उन्हाळ्यात त्यानं मला ढकललं आणि माझा हात मोडला. मी पुन्हा नांदेडला गेले, गोळ्या पुन्हा बदलून आणल्या. प्लास्टर बघायला आलेली मावशी म्हणाली, "आता तरी हट्ट सोड. कुठंतरी ठिवून ये त्याला."

दादा शेजारच्या खोलीत सगळं ऐकत होता.

"हाड जुळायलंय, मावशी," मी त्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं. "त्यो कुठंच जाणार न्हाई. तुम्हाला भ्या वाटत असंल तर तुम्ही जावा."