खालच्या मजल्यावरचे बातमीवाले

जर्मनीत वोल्फ्सबुर्गला आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे हे आजोबा जिन्यात दिसले की माझी चिडचिड सुरू होते. माझ्या हातात किराण्याच्या जड पिशव्या असल्या तरी वाट अडवून विचारणारच, "आजची बातमी वाचलीत? कुणी दिली? त्या पेपरचा मालक कोण?" मी काहीही उत्तर दिलं तरी "गेनाऊ!", म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणतात आणि स्वतःचंच पुढे चालू ठेवतात. पूर्वी ते युगोस्लाव्हियात टीव्हीच्या बातम्या लिहायचे, एवढंच मला माहीत होतं.

उन्हाळ्यात माझे सासरे पुण्याहून आले. त्यांचं न्यूज चॅनेल दिवसभर मोठ्याने चालायचं. एका दुपारी बेल वाजली, दारात हेच आजोबा. आवाजाची तक्रार असणार म्हणून मी आधीच माफी मागितली. ते मात्र सरळ आत येऊन टीव्हीसमोर उभे राहिले. भाषेचं अक्षरही कळत नसताना त्यांनी निवेदकाचं ओरडणं पाच मिनिटं ऐकलं.

"हा शत्रूबद्दल बोलतोय ना?" त्यांनी मला जर्मनमध्ये विचारलं. "आमची कम्युनिस्ट राजवट गेली तेव्हा वाटलं, आता खरं लिहिता येईल. आणि मी लिहिलं काय, तर हेच, आपल्याच देशातल्या दुसऱ्या समाजाला शत्रू ठरवणारं. माझी बायको त्या शत्रूच्या समाजातली होती."

मग टेबलावरचा रिमोट उचलून त्यांनी आवाज बंद केला आणि निघून गेले. असलं ओझं माझ्या गळ्यात टाकून जायचं काय कारण होतं, याचा मला भयंकर राग आला.

"काय म्हणत होते गं ते?" सासऱ्यांनी तापून विचारलं.

"काही नाही बाबा," मी म्हणाले. "आवाज कमी ठेवा म्हणाले."